डावा पुदिना

"पुलाव कुठं हाय?"

फोन कानाला लावल्या लावल्या बादशहा मुल्लांना हाच प्रश्न ऐकू आला. सकाळचे साडेनऊ झाले होते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या गाळ्यात गोळ्यांचं मशीन नुकतंच फिरायला लागलं होतं आणि पुलावाचा विषय निघावा असं आसपास काहीही नव्हतं.

"राँग नंबर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तो लगेच पुन्हा वाजला. "फोन ठिवता? सुभेदार लालासाहेबाचा फोन ठिवता? आधी पुलाव कुठं हाय ते सांगा!"

बादशहांनी हातानेच मशीन बंद करायची खूण केली. लालासाहेब म्हणजे साधं गिऱ्हाईक नव्हतं. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, कोरेगावकडे ऊस आणि महाबळेश्वरात तीन हॉटेलं असलेला हा माणूस. 'मुल्ला पुदिना गोळी'ची बरणी त्याच्या तिन्ही काउंटरवर अकरा वर्षं होती आणि त्याच्याच शब्दावर घाटावरच्या आणखी चौदा हॉटेलांनी ती ठेवली होती. त्याने उचलली की सतराही बरण्या खाली येणार.

"सुभेदारसाहेब, काय झालं? जरा शांतपणे सांगा."

"शांतपणे? काल माझ्या पुतणीचा, शिवांजलीचा साखरपुडा झाला. हॉलच्या दारात, पानसुपारीच्या तबकात तुमची गोळी ठिवली. दोनशे मानसं गोळी चघळत आत आली आन दहा मिंटात अख्ख्या हॉलात पुलावाचा वास! शहाजिरं घातलेल्या, चांगल्या तुपातल्या पुलावाचा! मी स्वतः भटारखान्यात जाऊन पातेली उघडून बघितली. पुरनपोळी, आमटी, पांढरा भात. पुलाव न्हाई."

"मग?"

"मग काय? पंगत उठली. नवऱ्या मुलाचे चुलते, भाऊसो, उठंनात. म्हनले, 'पुलाव यायचाय.' मी म्हनलं, पुलाव केलाच न्हाई. म्हनले, 'मग वास कशाचा? घरच्या मानसांसाठी मागं ठिवलाय, आमची पांढऱ्या भातावर बोळवन करताय.' देवाची शपथ घेतली, पलटणीची घेतली. ऐकायला तयार न्हाईत. लग्नाची तारीख काढायची हुती, ती तशीच ऱ्हायली. आज सकाळी शिवांजलीनं त्या तबकातली गोळी तोंडात टाकली आन मला हाका मारल्या. तवा कळलं, पुलाव तुमच्या गोळीत हाय!"

बादशहांचा संताप मस्तकाला गेला. तीस वर्षं ते ही गोळी करत होते. पुदिन्याची जुडी हुंगून ती विहिरीच्या पाण्यावरची की कॅनॉलच्या, हे सांगणारं त्यांचं नाक होतं. मागच्या महिन्यात झालेल्या सर्दीने ते बसलं होतं हे खरं; पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या गोळीला पुलावाचा वास?" ते ओरडले. "पुदिना हाय तो, पुदिना! तुमच्या हॉलचीच काय तरी भानगड आसंल."

"आसं? मग एक गोळी तोंडात टाका आन सांगा."

बादशहांनी घमेल्यातली एक गोळी उचलली, तोंडात टाकली. सर्दी आता उतरली होती. त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे ईदच्या दिवशीचं मोठं पातेलं स्वच्छ दिसलं.

"दोन दिवसांत सांगतो," असं पुटपुटून त्यांनी फोन ठेवला आणि वळून हाक मारली, "सिद्धू!"

सिद्धू हा त्यांचा मशीनवाला. पन्नाशीचा, अबोल, बावीस वर्षं याच मशीनवर उभा असलेला.

"गेल्या आठवड्यात डब्यात काय आनलं हुतंस?"

"मंगळवारी शेपू. बाकी दिवस कडधान्य."

"शेपू! मशीनशेजारी बसून खाल्लीस?"

सिद्धूने टोपी काढली. "मालक, माझ्या बायकोच्या वाटीभर शेपूचा वास तुमच्या लाखभर गोळ्यांना लागला म्हनताय?"

"लागला आसंल."

"बावीस वर्षं ती माझा डबा भरती. कवा कुनी नाव ठिवलं न्हाई. घ्या तुमचं मशीन!" त्याने अंगातला पांढरा डगला काढून खुंटीला अडकवला, गाळ्याबाहेर आपल्या मोटारसायकलवर जाऊन बसला आणि रस्त्याकडे तोंड केलं. घरी गेला नाही, आतही आला नाही. येणाराजाणारा विचारायचा, "काय रं सिद्धू, भाईर का?" आणि सिद्धू प्रत्येकाला सांगायचा, "शेपूवरनं." दुपारपर्यंत कुपवाडच्या निम्म्या गाळ्यांत ही बातमी पोचली.

मशीन बंद पडलं. बादशहा घरी आले ते थेट कोठीच्या खोलीत शिरले. पावसाळ्यात गाळा गळतो म्हणून गोळ्यांची साखर वर्षभर इथेच राहायची आणि त्याच खोलीत त्यांच्या बायकोचे, ताहेराचे, मसाल्याचे डबे होते.

"शहाजिरं कुठं ठिवलंय?" त्यांनी दरडावून विचारलं.

"घट्ट झाकणाच्या डब्यात. का?"

"तुझं शहाजिरं माझ्या साखरंला लागलंय. सुभेदाराच्या पुतणीचं लग्न मोडायची येळ आलीय."

ताहेराने हातातलं सूप खाली ठेवलं. "त्याच डब्याशेजारी तुमचा पुदिन्याचा कॅन दहादा पडून होता. माझ्या पुलावाला कधी गोळीचा वास आला? नाही ना? मग माझ्या शहाजिऱ्याचा तुमच्या गोळीला कसा येईल?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून बादशहांचा राग दुप्पट झाला. ताहेराचा तिप्पट झाला. तिने जाहीर केलं की शहाजिऱ्यावरचा आळ निघेपर्यंत आपण चुलीला हात लावणार नाही. जेवणाच्या वेळी बादशहांसमोर ताटात पाव आणि केळं आलं.

आता राहिला इसेन्सचा कॅन. मिरजेचा त्यांचा जुना व्यापारी गेल्या महिन्यात दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला होता. म्हणून हा कॅन सांगलीतल्या दुसऱ्या दुकानातून, फोनवर ऑर्डर देऊन मागवला होता. कॅनवर इसेन्सचं नाव 'कार्व्होन' लिहिलेलं होतं. जुन्या कॅनवरही तेच असायचं. सोबतचा तपासणीचा कागद बादशहांनी जुन्या कागदाशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहिला. रंग तोच, उकळायचा आकडा तोच, घनता तीच, शुद्धता तीच. एके ठिकाणी जुन्या कागदावर एकसष्टच्या आधी वजाबाकीची खूण होती, नव्यावर अधिकची. बादशहांना ते बरंच वाटलं. वजापेक्षा अधिक केव्हाही चांगलं.

तरी खात्री असावी म्हणून त्यांनी कॅन स्कूटरवर घालून सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत नेला. तिथल्या तरुणाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "एकदम ओके आहे, चाचा. दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. अस्सल कार्व्होन."

"आन वास?"

"वास आमच्या यादीत नाही."

"म्हंजे तुमी हुंगून बघितलंच न्हाई?"

"आम्ही मशीनला हुंगायला देतो."

"मशीनला!" बादशहांचा आवाज बाहेरच्या बाकावर तपासायच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या लोकांपर्यंत गेला. "मशीनच्या घरात साखरपुडा झाला हुता का?"

शनिवारी त्यांची मुलगी तरन्नुम घरी आली. ती साताऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिने एम.एस्सी. केलं तेव्हा बादशहांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते, पण ती गोळीबद्दल काही सांगायला लागली की म्हणायचे, "बाळा, वास वळखायला पुस्तक लागत न्हाई." आताही त्यांनी तिला विचारलं नाही. घरात चहासुद्धा का होत नाही, हे तिनेच विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

तरन्नुमने कॅनचं झाकण उघडून हुंगलं, मग कागद पाहिला आणि त्या अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं.

"अब्बा, हा उलटा आहे."

"उलटा म्हंजे? कॅन सरळच हाय."

"आतला कार्व्होन उलटा. बसा, सांगते." तिने सतरंजीवर मूठभर गोळ्या आणि काडेपेटीतल्या काड्या मांडल्या. "सामान एकच, बांधणी वेगळी, असं रसायनात होतं. त्याला समघटकता म्हणतात. त्याचे प्रकार असतात. हे बघा, चार कार्बन एका रांगेत लावले तर एक पदार्थ. तीन रांगेत लावून चौथा मधल्याला चिकटवला तर दुसराच पदार्थ."

"सामान तेवढंच?"

"तेवढंच."

"ही पयली फसवनूक," बादशहांनी करंगळी मिटली. "पुढं?"

"फसवणूक नाही, अब्बा. शृंखला समघटकता. मग जागेची. तोच गट टोकाला बसला तर एक, मधे बसला तर दुसरा."

"दुसरी."

"मग क्रियात्मक गटाची. दारूतला अल्कोहोल आणि एक निराळाच वायू, दोघांचं सूत्र अगदी एक."

"तोबा! या घरात दारूचं नाव? ही तिसरी आन लय वाईट."

"मग दोन कार्बन दुहेरी बंधानं घट्ट जोडलेले असले की त्यांना वळता येत नाही. दोन गट एकाच बाजूला असले तर एक, समोरासमोर असले तर दुसरा."

"चौथी."

"आणि पाचवी तुमची. आरशातली." तिने दारातून त्यांच्या चपला आणून समोर ठेवल्या. "ही उजवी, ही डावी. चामडं तेच, टाके तेवढेच, वजन तेवढंच. काट्यावर ठेवा, फूटपट्टीनं मोजा, फरक सापडणार नाही. आता उजवी चप्पल डाव्या पायात घाला."

बादशहांनी घातली. सतरंजीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ताहेरा दारातून बघत होती. तिचा राग अजून गेला नव्हता, पण नवऱ्याच्या तब्येतीची काळजी तिला वाटायला लागली.

"चावती," बादशहा म्हणाले.

"तसंच नाकाचं. नाकात या कणांसाठी पायांसारखेच डावे-उजवे साचे असतात. डावा कार्व्होन गेला की पुदिना. उजवा गेला की शहाजिरं, थोडंसं शेपू. प्रयोगशाळेत सूत्र मोजलं, सूत्र दोघांचं एकच. त्यातून सोडलेला उजेड कुठल्या बाजूला वळतो ते बघितलं असतं तरच कळलं असतं. ते या खुणेत आहे. अधिक म्हणजे उजवा, त्याला डी म्हणतात. वजा म्हणजे डावा, तो एल."

"डी म्हंजे उजवा?" बादशहा उभे राहिले. "ड डाव्याचा! हे कुनी ठरवलं?"

"फार पूर्वी ठरलंय, अब्बा. लॅटिन आहे ते."

"आन मानसाला फसवायच्या ह्या पाच तऱ्हा तुमी पुस्तकात छापता? वर पोरांच्या परीक्षा घेता?"

"पाचापेक्षा जास्त आहेत. मी सोप्या तेवढ्या सांगितल्या."

हे ऐकून बादशहांनी चावणारी चप्पल काढून ठेवली. मग त्यांना एकेक गोष्ट सुचत गेली. शहाजिऱ्यावरचा आळ खोटा ठरला होता, तेव्हा आधी बायकोसमोर जाऊन उभं राहावं लागलं. "झालं ते झालं," एवढंच ते बोलले. ताहेराला ते पुरलं नाही, पण तिने चहा टाकला. मग कुपवाडला सिद्धूच्या घरी जावं लागलं. सिद्धू म्हणाला, "माझी माफी नगं. भाजी जिनं केली तिची मागा." आणि चौकटीशी उभ्या असलेल्या सिद्धूच्या बायकोची, शेपूच्या संदर्भात, मुल्ला पुदिना गोळीच्या मालकांनी माफी मागितली. तिने ती घेतली आणि जेवून जायचा आग्रह केला. त्या दिवशीही शेपूच होती. बादशहांनी दोनदा मागून घेतली.

एवढा अपमान पोटात घातल्यावर तो कुणावर तरी काढणं भागच होतं. सोमवारी सकाळी ते सांगलीच्या त्या दुकानात पोचले. तरन्नुमने रजा टाकली होती. लालासाहेबही जीप घेऊन घाट उतरून आले होते. भाऊसोंनी अजून त्यांचा फोन उचलला नव्हता, त्यामुळे त्यांचा चेहरा कवायतीच्या मैदानावरचा होता.

दुकानाचा मालक विश्वजीत तिशीतला, शर्टाची इस्त्री जपणारा. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला फोनजवळ सुलाबाई बसल्या होत्या, ऑर्डरी लिहून घेणाऱ्या.

"तुमी माझ्यावर पाचव्या प्रकारची फसवनूक केलीया," बादशहांनी सुरुवात केली.

"कुठल्या?" विश्वजीत गोंधळला.

"आरशातली! पुदिना मागितला, शहाजिरं दिलं. ह्यांच्या पुतणीचं लग्न अडलंय. सतरा हॉटेलांत माझ्या नावाला बट्टा लागला. माझा मशीनवाला तीन दिवस भाईर बसला. मी पाव-केळं खाल्लं! मला लेखी माफी पायजे, सगळ्यांसमोर."

"आन मला बी," लालासाहेब म्हणाले. "भाऊसोच्या नावानं."

सुलाबाईंनी चष्मा काढला. "अहो चाचा, एकोणीस वर्षं मी फोन घेते. सांगितलं तेच पाठवते. माझ्याकडून चूक झाली म्हणता?"

"तुमच्याकडनं न्हाई तर काय माझ्याकडनं?"

"साहेब," सुलाबाई विश्वजीतकडे वळल्या, "लावाच तो फोन."

"ऑर्डरीचे फोन आमच्याकडे रेकॉर्ड होतात," विश्वजीत जरा संकोचून म्हणाला. "गैरसमज नको म्हणून." त्याने कॉम्प्युटरवर तारीख शोधली आणि बटण दाबलं.

आधी सुलाबाईंचा आवाज आला. "कार्व्होन दोन येतात, चाचा. डावं पाठवू का उजवं?"

मग एक जाडा, सर्दीने बसलेला आवाज आला. "डावं? बाई, खायची वस्तू हाय ती! लोक तोंडात घालत्यात. तिला डावं लावू व्हय?"

"अहो, पुदिन्याला सगळे डावंच नेतात."

"सगळे नेत आसतील! आमच्या घरात डाव्या हातानं घास उचलत न्हाईत. उजवं पाठवा."

"नक्की उजवं?"

"बिस्मिल्ला म्हनून उजवं! आन परत आसलं काय इचारू नका."

रेकॉर्डिंग संपलं. तरन्नुम पायांकडे बघत होती. लालासाहेबांची मिशी थरथरायला लागली होती, पण ती रागाच्या बाजूने की हसण्याच्या, ते अजून कळत नव्हतं.

"आवाज तुमचाच ना?" विश्वजीतने हळूच विचारलं.

बादशहांनी मान ताठ केली. "माझ्यासारखा हाय," ते म्हणाले. "पर माझा न्हवं."

"अब्बा..."

"सामान तेच आसंल. बांधणी येगळी हाय. आरशातला कुनी तरी आसंल."

तेव्हा लालासाहेबांचा बांध फुटला. साखरपुड्यापासून ते हसले नव्हते. ते सगळं साठलेलं हसू एकदमच बाहेर आलं आणि त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत त्यांनी विश्वजीतचा फोन उचलला. "तुमच्या नंबरवरनं लावतो. माझा नंबर बघून उचलत न्हाईत." भाऊसोंनी उचलला. "भाऊसो, ठिवू नका. पुलाव सापडला. फकस्त हे ऐका," असं म्हणून त्यांनी फोन कॉम्प्युटरपाशी धरला.

रेकॉर्डिंग पुन्हा वाजलं. बादशहा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. तरन्नुमने थोडक्यात सगळं समजावलं: गोळी, पुदिना, शहाजिरं, डावं, उजवं. मोठ्या केलेल्या फोनमधून भाऊसोंचा खरखरीत आवाज आला.

"परत लावा."

परत लावलं.

"ह्यो मानूस कोन?"

"गोळीवाला," लालासाहेब म्हणाले. "बादशहा मुल्ला. कुपवाडचे."

"मग ह्यात त्येचं चुकलं काय?" भाऊसो गरजले. "खायच्या वस्तूला डावं कोन सांगंल? माझ्याकडं फोन आला आसता तर मी बी उजवंच सांगितलं आसतं! आन ती डावं घ्या म्हननारी बाई कोन?"

"मी," सुलाबाई फोनकडे बघून कडाडल्या. "आणि मी बरोबर सांगत होते!"

"ऱ्हाऊ द्या," भाऊसो म्हणाले. "लालासाहेब, मानूस नेकीचा हाय. त्येच्या गोळीनं घोटाळा झाला आसंल तर माझी तक्रार न्हाई. गुरवारी तारीख काढायला येतो."

फोन बंद झाला. बादशहांच्या अंगात पुन्हा वारं भरलं. "ऐकलंत?" त्यांनी सुलाबाईंना विचारलं. "ऐकलंत का? नेकीचा मानूस!"

"ऐकलं," सुलाबाईंनी चष्मा चढवून वही पुढे ओढली. "सतरा हॉटेलांच्या बरण्या बदलायच्या म्हणजे नवा कॅन आजच लागणार. बोला, नेकीचे चाचा. कुठलं पाठवू?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बादशहांनी तोंड उघडलं. 'उ' एवढं एक अक्षर ओठांपर्यंत आलं, पण ते तिथेच थांबलं. त्यांनी एकदा सुलाबाईंच्या पेनाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे.

"हिला इचारा," ते म्हणाले आणि दुकानाबाहेर पायरीवर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आत तरन्नुम सावकाश, वर्गात सांगावं तसं सांगत होती. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धडधडत येत होता आणि तिचा आवाज त्यात बुडायला लागला होता. बादशहांनी हात वर करून त्याला थांबवलं, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही.